गार्डसाहेबांचं कपाट

नथूशेठच्या आवारात त्या सकाळी नऊ खुर्च्या होत्या. त्यांतल्या चारांना बैठक नव्हती आणि एकीला पाठ नव्हती. दोन लोखंडी पलंग होते. आरसा नसलेलं आरशाचं टेबल होतं. टोप्या अडकवायचा एक लाकडी खांब होता, त्याच्या सहा खुंट्यांपैकी पाच शाबूत होत्या. आणि भिंतीला टेकून जाळीच्या दाराची दोन कपाटं उभी होती. एक धड होतं. दुसऱ्याचा मागचा डावा पाय मोडला होता आणि जाळीला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं.

सुजाताने सगळं दोनदा मोजलं. मोजल्याशिवाय तिला कुठलीच गोष्ट नीट दिसत नसे.

"मामा, ते मोडकं कपाट कोण घेणार आहे?" हनुमंतने विचारलं. नथूशेठ त्याचा सख्खा मामा. लोणावळ्यातले बंगले विकले गेले की आतलं सामान लिलावात घ्यायचं आणि बाजारात विकायचं, हा त्याचा धंदा.

"कोणी नाही. बंबात घालीन. थंडी पडायला लागलीय."

"मग आम्हाला द्या ना. पाहुणा ठेवायचाय."

"पाहुणा? कपाटात?"

हनुमंतने बहिरूकडे पाहिलं. बहिरूने हातातली करंडी पुढे केली आणि झाकण उचललं. आत करवंदीच्या फांदीला धरून एक हिरवागार घोयरा सरडा बसला होता. त्याने एक डोळा नथूशेठकडे वळवला. दुसरा सुजातावरच ठेवला.

नथूशेठ मागे सरकला आणि नेमका बैठक नसलेल्या खुर्चीत बसला. त्याचे गुडघे हनुवटीला लागले.

"अरे, उचला मला! आणि ते झाका आधी. घोयरा आहे तो. चावला तर माणूस पाणी मागत नाही."

"त्याचं तोंड किडं खायाचं हाय, शेठ," बहिरू म्हणाला. "तुमी मावाल का त्यात?"

बहिरू औंढ्याच्या वरच्या वाडीवरचा. सुजाता आणि हनुमंतच्याच वर्गात, सातवीत. सुट्टी लागली त्या दिवशी तो बापाबरोबर बेडशाला गवत कापायला गेला होता. तिथे लेण्यांखालच्या वाटेवर चार माणसं या घोयऱ्याला दगड मारत होती. बहिरूने त्याच्यावर टोपी टाकली आणि त्याला घेऊन पळ काढला. घोयरा वाचला, पण पुढचा उजवा पाय चेंगरला होता. पाय भरून येईपर्यंत त्याला जपायचं आणि मग औंढ्याच्या करवंदीच्या जाळीत सोडायचं, असं तिघांचं ठरलं होतं.

नऊ खुर्च्या काचकागदाने घासून द्यायच्या आणि बदल्यात मोडकं कपाट न्यायचं, असा सौदा झाला. दोन दिवस तिघांची नखं लाकडाच्या भुशाने भरलेली होती. हनुमंतने निम्मा वेळ खुर्च्यांवर बसून त्यांची मजबुती तपासली. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातगाडीवरून कपाट सुजाताच्या घरी नेलं. तिचे बाबा मालगाडीवर गार्ड होते आणि घर रेल्वेच्या चाळीत होतं. घराला पुढे पडवी होती आणि पडवीला जांभळाच्या झाडाची सावली.

मोडक्या पायाखाली विटा आल्या. भोकावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा शिवला. मधल्या दोन फळ्या काढल्या, त्यामुळे आत उंच जागा झाली. तिथे बहिरूने जांभळाची आणि करवंदीची फांदी अशी तिरपी बसवली की घोयऱ्याला चढायला एकही उडी मारावी लागू नये. पाणी वाटीत ठेवून उपयोग नव्हता. घोयरा पानावरचे थेंबच पितो. म्हणून सुजाता रोज दोनदा पानांवर पाणी शिंपडणार होती.

राहिली खालची फळी. कपाट खपेल या आशेने नथूशेठने तिच्यावर आधीच नवाकोरा फुलाफुलांचा कागद चिकटवला होता. आतून कपाटाला औषधाच्या दुकानासारखा कुबट वास येत होता.

"ह्यो कागद काढून टाकू," बहिरू म्हणाला. "माती पसरू. त्याला बरं वाटंल."

"नको," सुजाता म्हणाली. "कागदावर त्याची लेंडी दिसते. खाली पडलेले किडे दिसतात. मोजता येतं."

"तू काय काय मोजशील, बाई," हनुमंत म्हणाला. कागद तसाच राहिला.

संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले. कपाटापुढे उकिडवे बसून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. घोयऱ्याचा एक डोळा फांदीच्या शेंड्याकडे होता, दुसरा बाबांकडे.

"एक डोळा इंजिनाकडे आणि एक शेवटच्या डब्याकडे," बाबा म्हणाले. "याला गार्डच केला पाहिजे."

तेव्हापासून तो गार्डसाहेब झाला.

पहिले दोन दिवस गार्डसाहेबांनी चाळीतल्या पोरांना खूश केलं. नाकतोडा फांदीवर बसला की दोन्ही डोळे पुढे यायचे, तोंड किंचित उघडायचं, आणि पुढच्या क्षणी नाकतोडा नाहीसा झालेला असायचा. जीभ गेली कधी आणि आली कधी, ते कुणालाच दिसायचं नाही. हनुमंतने त्यावर पैजा लावल्या आणि सगळ्या हरला. गार्डसाहेब चालताना पुढे-मागे डुलायचे, वाऱ्यावरच्या पानासारखे. "ड्युटीवर जाताना डुलकी लागलीय," हनुमंत म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुजाताला फुलांच्या कागदावर नाकतोडे दिसले. सात. सगळे उताणे आणि मेलेले, एकही खाल्लेला नाही. घोयरा हलणारा किडाच खातो. मेलेल्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. म्हणजे नाकतोडे त्याच्या नजरेस पडण्याआधीच मरत होते.

आणि आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. दार उघडलं की माश्या आत याव्यात म्हणून तिने कपाटात गुळाचा खडा ठेवला होता. स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाचे पाय आई पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, नाहीतर मुंग्या चढायच्या. या कपाटाखाली वाट्या नव्हत्या. तरी गुळाला एकही मुंगी लागली नव्हती.

"नाकतोडे रुळाच्या कडेचे आहेत," ती म्हणाली. "तिथे तेल सांडतं, कोळशाची राख पडते. आधी ते बदलून बघू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे झालं ते कळत नाही."

हे विज्ञानाच्या सरांचं वाक्य होतं आणि ते बरोबर होतं.

"आन् तवर ह्यो?" बहिरूने विचारलं.

"तोवर आहे तसाच."

बहिरू औंढ्याला जाऊन स्वच्छ माळावरचे नाकतोडे घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेही कागदावर उताणे पडले होते. गार्डसाहेबांचा हिरवा रंग राखेसारखा झाला होता.

त्याच सकाळी चाळीत गडबड उडाली. चाळीच्या टोकाच्या खोलीत बालवाडी होती. सावित्राबाई ती चालवायच्या. मोठ्यांच्या शाळेला सुट्टी असली तरी बालवाडी चालू होती, कारण मुलांना रोज पावडरीचं दूध द्यायचं असे. त्या आठवड्यात बालवाडीतली सहा मुलं आजारी पडली होती. उलट्या होत होत्या, डोकं गरगरत होतं. त्यांत सुजाताचा चार वर्षांचा भाऊ मिलिंद होता आणि शेजारच्या सरूबाईंची नात चिंगी होती.

सरूबाई पडवीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कपाटाकडे बोट केलं, पण बघितलं दुसरीकडे.

"ते धूड घरात आलं आणि पोरं लोळायला लागली. रोज याच पडवीतून जातात ना बालवाडीला? त्याची नजर लागलीय. माझ्या आज्याच्या गावात असंच झालं होतं. घोयरा जाळला, तेव्हा कुठं माणसं उठली."

"सरूमावशी, तो नुसता बघतो," सुजाता म्हणाली.

"तेच तर म्हणते मी. दोन दिशांना बघतो."

दुपारपर्यंत आणखी चार बाया येऊन गेल्या. बाबा घरी आले तेव्हा सगळी चाळ पडवीत होती.

"मी नजरबिजर मानत नाही," बाबा रात्री जेवताना म्हणाले. "पण चाळ मानते, सुजे, आणि आपल्याला चाळीतच राहायचंय. उद्याचा दिवस ठेव. परवा सकाळी तो इथे दिसता कामा नये. नाहीतर त्या बाया रॉकेल घेऊन येतील आणि मी ड्युटीवर असेन."

"त्याचा पाय अजून भरला नाही, बाबा. सोडला तर तो मरेल."

बाबा ताटातला भात कालवत राहिले.

सकाळी ती मिलिंदला साखरपाणी पाजत होती. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला होता. पेल्यातलं पाणी थरथरत होतं. तिने नीट पाहिलं. त्याचे दंड स्थिर होते. बोटं तेवढी बारीक, भरभर कापत होती.

ती उठून पडवीत गेली. गार्डसाहेब फांदीवर होते आणि हलत होते. पण ते डुलणं नव्हतं. अंग स्थिर होतं. फांदीला चिमट्यासारखी धरलेली बोटं तेवढी कापत होती, बारीक आणि भरभर.

गेले दोन दिवस ते तसेच हलत असले पाहिजेत. तिघांनीही ते पाहिलं होतं आणि डुलणं समजून हसले होते.

सुजाताने दार उघडलं, फांदीसकट गार्डसाहेबांना बाहेर काढलं आणि फांदी जांभळाच्या बुंध्याला बांधली. मग ती हनुमंतच्या घरापर्यंत पळत गेली.

"बालवाडीत या आठवड्यात दुधाचं कपाट आलं ना, ते कुणाकडून?"

"मामाकडून. आपल्या कपाटाचा जोड नव्हता का तो? धड असलेला. मीच हातगाडी ढकलली, सावित्राबाईंनी मला एक चिक्कीसुद्धा दिली नाही."

"आणि दोन्ही कपाटं कुठून आली?"

"भुशीच्या रस्त्यावरच्या बंगल्यातून. माळी अजून औंढ्यातच राहतो. अंबाजीआबा. का गं?"

तिने सांगितलं. हनुमंत पहिल्यांदाच काही विनोद न करता ऐकत राहिला.

सावित्राबाई दुपारी खोलीला कुलूप लावून जेवायला जायच्या. खिडकीचा एक गज सैल होता, हे चाळीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. सडपातळ असल्यामुळे बहिरू आत गेला. एका जुन्या पंच्याच्या तुकड्यात दहा नाकतोडे बांधलेले होते. ते गाठोडं त्याने दुधाच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवलं.

"काय दिसतंय आत?" सुजाताने खिडकीतून विचारलं.

"दुधाचा डबा. आन् पेलं. समदं पालथं घातल्यात, फळीवर. तोच फुलांचा कागद हाय. कडंला फाटलाय. पेल्यांच्या काठांना पांढरं लागलंय."

"दुधाची पावडर?"

बहिरूने एका पेल्याचा वास घेतला. "न्हाई. आपल्या कपाटावानी वास येतोय."

दुसरे दहा नाकतोडे सुजाताने झाकणाला भोकं पाडलेल्या काचेच्या बरणीत ठेवले आणि तिघं औंढ्याच्या वाटेला लागले.

अंबाजीआबा अंगणात वेत सोलत बसले होते. बंगल्याचं नाव काढताच त्यांचे हात थांबले.

"बावीस वर्सं केली तितं," ते म्हणाले. "पावसाळ्यात कुनी येत न्हाई. चार म्हयने बंद. मग झुरळं व्हत्यात, कसर लागती. म्हून ज्येष्ठात मी समद्या कपाटांत पूड टाकायचो. किडं मारायची पूड. फळ्यांच्या फटींत बी भरायची. मालक दिवाळीला यायचं, त्याच्या आधी मी कपाटं सोड्यानं धुवायचो आन् आठ-आठ दिस उन्हात ठिवायचो."

"आणि या वर्षी, आबा?"

"या वर्षी श्रावनात बंगला इकला. मला म्हनले, उद्यापासून येऊ नको. कुलूप बी बदललं." त्यांनी वेत पुन्हा उचलला. "मला वाटलं, घेनारा धुऊन घेईल. पूड दिसती की."

हनुमंत खाली मान घालून उभा होता. मामाने धुतलं नव्हतं. जुन्या फळ्यांवर पांढरी भुकटी दिसली म्हणून त्याने वरून फुलांचा कागद चिकटवला होता. मालाला उठाव यावा म्हणून तो नेहमीच तसं करायचा. कागदाला खळ हनुमंतनेच लावली होती.

परतताना पहिलं वळण आलं. मग बहिरू म्हणाला, "मी म्हनलं व्हतं, कागद काढू."

"हो," सुजाता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉकेल घेऊन कुणी आलं नाही. त्याआधीच सुजाता बाबांना, सावित्राबाईंना आणि रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन बालवाडीच्या दारात उभी होती. मागे सगळी चाळ होती. नथूशेठला हनुमंत हाताला धरून घेऊन आला होता.

"माझ्या कुलूपबंद खोलीत तुम्ही किडे ठेवलेत?" सावित्राबाई म्हणाल्या.

"दहा," सुजाता म्हणाली. "मोजून घ्या, बाई."

बहिरूने गाठोडं सोडलं. दहाही नाकतोडे मेलेले होते. सुजाताने बरणी वर धरली. त्यातले दहा काचेवर टपटप उड्या मारत होते.

"कपाटात नजर लावायला घोयरा नव्हता," ती म्हणाली. "तो इथे कधीच आला नाही."

मग तिने कागदाची फाटलेली कड धरली आणि ओढली. खालची फळी पिठाच्या गिरणीसारखी पांढरी होती. डॉक्टरांनी बोटाने थोडी पूड उचलून लांबूनच हुंगली आणि रुमालाला बोट पुसलं. पालथ्या पेल्यांच्या रांगेकडे ते बघत राहिले.

"रोज दूध यातूनच पीत होती मुलं?"

सावित्राबाईंनी पदर तोंडाला लावला. नथूशेठ म्हणाला, "मला वाटलं, वाळवीची भुकटी आहे. आईशप्पथ, डॉक्टर, मला वाटलं..."

सहाही मुलांना दवाखान्यात नेलं. कुणाच्याही पोटात फार गेलं नव्हतं. आणखी पंधरा दिवस गेले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. बाबांनी ते ऐकलं आणि परत येऊन मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"सगळ्या चाळीची पोरं वाचवलीस," ते म्हणाले.

थोड्या वेळाने सरूबाई पडवीत आल्या आणि जांभळाच्या झाडाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्या या वेळी नीट बघत होत्या.

"पोरी," त्यांनी हाक मारली. "हा हलत नाही गं."

गार्डसाहेब फांदीला धरूनच होते. बोटं आता कापत नव्हती. अंग फिकट पिवळं पडलं होतं, वाळल्या पानासारखं. एक डोळा मिटला होता. दुसरा वर जांभळाकडे उघडा होता. चेंगरलेल्या पायाची जखम कोरडी पडली होती आणि तिच्यावर नवी कातडी धरली होती.

बहिरूने बोटं एकेक करून फांदीवरून सोडवली. घाई केली नाही.

"पयल्या दिशी काढला असता तर?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," सुजाता म्हणाली.

"तू नाकतोडं बदललंस," तो म्हणाला. "त्याची जागा बदलायची व्हती."

तो करंडी घेऊन एकटाच औंढ्याला गेला. हनुमंत वळणापर्यंत त्याच्या मागे गेला आणि परत आला. बहिरूने त्याला पुढे येऊ दिलं नव्हतं.

पुढचे चार दिवस कौतुकाचे होते. स्टेशनमास्तरांनी तिघांना ऑफिसात बोलावून चहा पाजला. सावित्राबाईंनी हनुमंतला चिक्कीचं अख्खं पाकीट दिलं. त्याने ते न फोडता खिशात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, ही मुलगी पुढे शास्त्र शिकणार. नथूशेठने आवारातला सगळा माल बाहेर काढला, कागद फाडले आणि अंबाजीआबांना बोलावून त्यांच्या हाताखाली स्वतः कपाटं घासली. बालवाडीचं कपाट सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा धुतलं गेलं आणि दोन दिवस उन्हात ठेवून परत आत आणलं गेलं. आता त्याचा वासही येत नव्हता.

"आरशासारखं लख्ख आहे," नथूशेठ म्हणाला. "सोमवारपासून खुशाल दूध ठेवा, बाई."

"ठेवते," सावित्राबाई म्हणाल्या. "पोरांचं दूध किती दिवस जमिनीवर ठेवायचं?"

"आता काही भीती नाही," बाबा म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त अंबाजीआबा म्हणाले, "आठ दिस ऊन द्यावं लागतं. दोनच झालं." पण तोवर माणसं उठायला लागली होती.

सुजाता पडवीत आली. तिथे रिकामं कपाट अजून उभं होतं, विटांवर टेकलेलं. फांद्या वाळल्या होत्या. पायरीवर बहिरू बसला होता. तो चार दिवसांनी आला होता. त्याच्या मांडीवर पंच्याचं एक गाठोडं होतं. ते आतून हलत होतं.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"ईस. माळावरचं."

तिने आतून बरणी आणली. दोघांनी नाकतोडे वाटून घेतले. हनुमंत बालवाडीच्या खिडकीशी उभा राहिला आणि कोणी येत नाही ना ते बघत राहिला. या वेळी खोलीला कुलूप नव्हतं. पंच्याच्या गाठोड्यातले दहा खालच्या, लख्ख धुतलेल्या फळीवर ठेवले. दहा बरणीत राहिले.

सोमवारी सकाळी, दुधाचा डबा कपाटात ठेवायच्या आधी, सावित्राबाईंसमोर गाठोडं सोडलं. सुजाताने खडूने कपाटाच्या दारावर लिहिलं.

बरणीत जिवंत: दहापैकी दहा.

कपाटात जिवंत: दहापैकी तीन.